बावीस अंश

संग्रहालयात बावीस अंश ठेवायचे,
माझ्या करारातच तसं लिहिलंय.
वर गेलं की कागद पिवळा पडतो,
मेणाचे सैनिक घामेजतात
आणि क्युरेटरबाईंचा फोन येतो : मुकादम, कुठे आहात?

मी छतात असतो,
डक्टमधून पोटावर सरपटत.
बाहेर शुवैखच्या रस्त्यावर एकोणपन्नास.

खाली दर अर्ध्या तासाने युद्ध सुरू होतं.
दिवे जातात, रणगाडे घरघरतात,
नकाशावर उत्तरेकडून तांबडा रंग उतरतो.
सात महिने चार मिनिटांत उरकतात.
मग तेलविहिरींचा धूर, मशीनचा,
त्याची जाळी मीच धुतो महिन्याला.
शेवटी झेंडा. टाळ्या.
भेटवस्तूंचं दुकान उजवीकडे.

खोटं काही नाही त्यात, शपथेवर सांगेन.
भिंतीवरच्या फोटोतली पोरं खरी आहेत,
एक तर आमच्या दुकानात बर्फ न्यायला यायचा.
फक्त दालनं सहा आहेत
आणि सहाव्याच्या पुढे भिंत.

हवल्लीत आमच्या खालच्या मजल्यावर
नबील शावीश राहायचे. भूगोल शिकवत.
गाव कुठलं विचारलं की नकाशावर बोट ठेवायचे,
तिथे दुसरंच नाव छापलेलं असायचं.

तो ऑगस्ट.
हा आता देश नाही, जिल्हा आहे म्हणे, एकोणिसावा;
शाळांमधले ॲटलास जमा करा.
नबीलनी एक चादरीत गुंडाळून वर आणला,
मी तो एसीच्या डक्टमध्ये सरकवला.
बघ, म्हणाले, एवढासा देश, तुझ्या फटीत मावला.

ऑक्टोबरात ते पुन्हा शिकवायला गेले.
भीतीने गेले की पगारासाठी,
मला ठाऊक नाही. घरात चार तोंडं होती.
सकाळी फळ्यावर नवा नकाशा टांगायचे,
रात्री दार लावून हनीनला जुना शिकवायचे.

मार्चमध्ये, सगळं सुटल्यावर,
लोक हवेत गोळ्या झाडत नाचत होते त्या आठवड्यात,
जीपमधून पोरं आली.
आधी खालचं दार वाजलं.
मग जिन्यात हनीनच्या आईचा आवाज.
मग माझं दार. तीनदा.
बंदुकीच्या दस्त्याने नव्हे, तळहाताने.
मी फ्रीजच्या मागे बसलो होतो.
वीज नव्हती,
त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं.

पुढच्या महिन्यात उरलेली तीन माणसं
दोन गाद्या आणि एक पंखा घेऊन अम्मानला गेली.

बसऱ्याचा जासिम ट्रक घेऊन येतो, चहाला बसतो.
आमच्या पुस्तकात युद्ध नव्हतंच, म्हणतो.
फांदी झाडाला परत जोडली, इतकंच.
तो हसतो. मीही हसतो.
कसं काय छापतात लोक असं, मी विचारतो.

गेल्या मंगळवारी भारतीय शाळेची सहल आली.
मी शिडीवर.
दोन वेण्यांची एक मुलगी खालून मराठीत म्हणाली,
काका, तुम्ही होतात का हो तेव्हा?
नाही गं, मी म्हटलं,
मी मागनं आलो. ब्याण्णवला.

किती सहज निघालं ते.
साल सुद्धा तयार होतं.

आता फाटकावर नोटीस लागली आहे :
त्या काळची एखादी वस्तू कुणाकडे असल्यास
कृपया संपर्क साधावा.

चार खोल्या बदलल्या, ॲटलास हलवत आलो बरोबर.
पहिल्या पानावर निळ्या शाईत हनीनचं नाव,
खाली वर्ग, तुकडी,
आणि पुस्तक हरवल्यास कुठे परत करावं तो पत्ता.

माझ्या खोलीत काही बावीस अंश नसतात.
पान कडेने पिवळं पडत चाललंय.
नंबर पाठ आहे बाईंचा.
अजून लावलेला नाही.